लक्षणं विचारून रोग सांगणारं यंत्र : त्यातले प्रश्न आपल्या विदर्भाचे कधी होणार?

उपकेंद्र_उमरेडरोड (धागाकर्ती)

मोबाईलवर लक्षणं भरली की रोगांची यादी दाखवणारी ॲप्स आता खेड्यातही पोचली आहेत. मी नागपूर जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. पेशंट येतो तेव्हा सोबतच्या पोराच्या हातात फोन असतो आणि फोनमध्ये निदान तयार असतं. मला याचा राग येत नाही. प्रश्न विचारत विचारत रोगापर्यंत जायचं, हे आमचंही रोजचंच काम. लहान मुलांचे आजार तपासायची आयएमएनसीआय पद्धत घ्या. मूल पितं का, घेतलेलं सगळं ओकून टाकतं का, झटके आले का, सुस्त पडलंय का. मग पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, पुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर श्वास जलद. हे सगळं कागदी तक्त्यावर चालतं, कॉम्प्युटर लागत नाही. पण ठरलेला प्रश्न, मिळालेलं उत्तर आणि त्यावरून पुढचा प्रश्न, ही रीत तीच.

माझं दुखणं वेगळं आहे. ही ॲप्स जे विचारतात त्यात आमचं गाव कुठेच नसतं. परदेशप्रवास केला का, हे विचारतात. घरात मांजर आहे का, हेही विचारतात. पण पावसाळ्यानंतर ताप घेऊन आलेल्या बाईला 'गवत कापायला गेली होतीस का' असं एकही ॲप विचारत नाही. रात्री खाली जमिनीवर झोपला होता का, शेतात फवारणी चालू आहे का, घरात कुणाला वरचेवर रक्त चढवावं लागतं का, यातलं काहीच नाही. जो प्रश्न विचारलाच गेला नाही, त्याचं उत्तर यंत्राला कळणार कसं? आणि यादीच्या वर येतो फ्लू.

इथे डॉक्टर मंडळी आहेत, आयटी पार्कातलेही आहेत. उद्या कुणी आपल्या भागासाठी असं काही करायचं म्हटलं, तर त्यात कोणते प्रश्न हवेतच?

पारसोडी

ताई, धागा फार गरजेचा आहे. मी सॉफ्टवेअरवाला, वैद्यकातलं मला कळत नाही, पण या यंत्रांच्या इतिहासात तुमच्याच मुद्द्याचा पुरावा आहे, म्हणून लिहितो.

इंग्लंडमधल्या लीड्समध्ये डी डॉम्बाल नावाचे सर्जन होते. अचानक पोटात दुखायला लागलेल्या रुग्णांसाठी त्यांनी कॉम्प्युटर वापरला. दुखणं कुठे सुरू झालं, कुठे सरकलं, उलटी आधी की दुखणं आधी, अशी ठरावीक माहिती भरायची आणि बेझच्या सूत्राने अपेंडिक्स, अल्सर फुटणं, पित्ताशयाची सूज वगैरेंच्या शक्यता काढायच्या. १९७२ साली निकाल छापून आला. ३०४ रुग्णांत कॉम्प्युटर ९१.८ टक्के बरोबर, तिथले सगळ्यात अनुभवी डॉक्टर ७९.६ टक्के. त्या काळी खळबळ उडाली असणार. पण तीच लीड्सची आकडेवारी घेऊन यंत्र दुसऱ्या देशात चालवलं, तेव्हा अचूकता घसरली.

कारण सोपं आहे. बेझच्या हिशोबात दोन गोष्टी लागतात. एक, अमुक रोगात अमुक लक्षण किती वेळा दिसतं. दुसरी, तो रोग त्या गावात, त्या ऋतूत मुळात किती आहे. लक्षणं तीच असली तरी दुसरा आकडा बदलला की उत्तर बदलतं. नागपुरात तर तो महिन्यागणिक बदलतो. 'ताप आणि डोकेदुखी' मे महिन्यात लिहिली तर एक अर्थ, सप्टेंबरात लिहिली तर भलताच. म्हणून माझ्या मते यंत्राने पहिल्यांदा गाव आणि तारीख घ्यावी. तारीख तर फोनला माहीतच असते, विचारायचीही गरज नाही.

सक्करदरा

माझं औषधाचं दुकान आहे आणि मला ही सगळी ॲप्स धोक्याची वाटतात. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१५ साली अशा २३ प्रणालींची तपासणी छापून आली होती. ४५ लिहून काढलेल्या केसेस त्यांना दिल्या. पहिलंच नाव बरोबर आलं ते ३४ टक्के वेळा. घरी थांबा, दवाखान्यात जा की ताबडतोब पळा, हा सल्ला योग्य निघाला ५७ टक्के वेळा. म्हणजे नाणं उडवल्यापेक्षा जेमतेम बरं. आणि माझ्या काउंटरवर येणारा माणूस त्या स्क्रीनवरचं नाव वाचून सरळ अँटिबायोटिक मागतो. प्रश्न विदर्भाचे घाला नाहीतर चंद्रावरचे, यादी बघून औषध घेणारा थांबणार नाही.

पारसोडी

@सक्करदरा, आकडे बरोबर आहेत. एक बारकावा: सल्ला किती बरोबर, हे केस कसली आहे त्यावर बदलत होतं. खऱ्या इमर्जन्सीत या प्रणाली ८० टक्के वेळा बरोबर होत्या. घरी बरं होणाऱ्या साध्या दुखण्यात त्या घाबरून दवाखान्यात पाठवत होत्या. आणि या सल्ल्याला 'नाणं उडवणं' लावता येत नाही, कारण इथे पर्याय तीन आहेत.

आता २०१५ नंतर बरंच पाणी वाहून गेलंय. आजकालची संवाद करणारी एआय मॉडेल्स वेगळी आहेत. गूगलच्या ॲमी नावाच्या मॉडेलची चाचणी झाली, त्यात रुग्णाची भूमिका करणारे नट होते आणि केसेस कॅनडा, ब्रिटन आणि भारतातून घेतल्या होत्या. लेखी संवादात बहुतेक निकषांवर ते मॉडेल डॉक्टरांपेक्षा सरस ठरलं. पण त्याला जोडून २०२५ चा ऑक्सफर्डचा अभ्यास वाचा. १,२९८ सामान्य लोकांना काल्पनिक दुखणी देऊन मॉडेलशी बोलायला लावलं. केस थेट मॉडेलला दिली तर ९४.९ टक्के वेळा संबंधित रोग ओळखला जायचा. तेच मॉडेल हातात घेतलेल्या माणसांना मात्र ३४.५ टक्क्यांपेक्षा कमी वेळा जमलं. मॉडेलकडे ज्ञान होतं, तरी बोलण्यातून ते माणसापर्यंत पोचलं नाही. लोकांनी अर्धवट माहिती दिली, आणि मिळालेल्या उत्तरातलं काय उचलायचं तेही कळलं नाही.

उपकेंद्र_उमरेडरोड

हे शेवटचं माझ्या रोजच्या अनुभवाशी तंतोतंत जुळतं. पेशंट स्वतःहून जे सांगतो ते त्याला महत्त्वाचं वाटलेलं असतं. 'ताप आहे, अंग दुखतं.' गवत कापायला गेलो होतो, हे तो सांगत नाही, कारण गवत कापणं म्हणजे काही आजार नाही, ते रोजचं काम. ते विचारूनच काढावं लागतं. म्हणून 'तुम्हाला काय होतंय ते लिहा' असा रिकामा चौकोन देणारं यंत्र मला नको. उलट विचारणारं हवं.

सक्करदरा दादा, तुमचं भय खरं आहे. माझ्या मनातल्या यंत्राने रोगाचं नाव पेशंटला दाखवूच नये. आत्ता निघा, उद्या सकाळी या, घरी पाणी देत राहा, इतकंच सांगावं. नावांची यादी मला किंवा डॉक्टरला.

मेडिकल_चौक

मी मेडिकल कॉलेजला मेडिसिन शिकवत होतो, आता निवृत्त आहे. ताईंनी जे चार प्रश्न सहज लिहिले, ते चारही मी वॉर्डात विद्यार्थ्यांना विचारायला लावायचो. एकेकाबद्दल लिहितो.

गवताचा प्रश्न म्हणजे स्क्रब टायफस. ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी नावाचा जंतू, माइट किड्याच्या अळीच्या चाव्यातून येतो. ती अळी गवता-झुडपात असते. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास याचे रुग्ण आले आणि मृत्यूही झाले, तेव्हा बऱ्याच तरुण डॉक्टरांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. चाव्याच्या जागी सिगरेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली येते. ती दुखत नाही आणि बहुतेकदा काखेत, जांघेत, स्तनाखाली असते, म्हणजे कपड्याआड. सगळ्यांना येतेच असंही नाही. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध वेळेवर दिलं तर ताप भराभर उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदू. तेव्हा यंत्राने नुसतं 'खपली आहे का' विचारून चालणार नाही, कारण रुग्णाने ती पाहिलेलीच नसते. 'काखेत आणि जांघेत कुणाकडून तरी बघून घ्या, मग उत्तर द्या' असं म्हणावं लागेल.

जमिनीवर झोपण्याचा प्रश्न मण्यारीचा. याला मी सगळ्यात वर ठेवतो. मण्यार रात्री चावते, दात बारीक, वेदना जवळजवळ नाही, खूणही दिसत नाही. माणूस झोपेतच असतो. पहाटे पोटात कळा येतात, ओकारी होते. घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं. कोणतंही सर्वसाधारण ॲप पोटदुखी आणि उलटी वाचून तेच म्हणेल. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आवाज बदलतो, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. हातात फार कमी तास असतात. पावसाळ्याच्या दिवसांत पहाटे पोट दुखून उठलेल्या माणसाला दोनच प्रश्न: रात्री खाली झोपला होता का, आणि डोळे पूर्ण उघडता येतात का. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं तर बाकी एकही प्रश्न न विचारता सर्पदंशाची लस आणि व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयाचा रस्ता दाखवायचा.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात. तापाच्या रुग्णाला मे महिन्यात पहिला प्रश्न 'असंबद्ध बडबड करतोय का'. उत्तर हो असेल तर आधी अंग गार करा, थंड पाणी ओता, पंखा लावा, सोबतच गाडी बोलवा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं समजू नका. उन्हात कष्ट करणाऱ्याला घाम असतानाही होतो.

रक्त चढवण्याचा प्रश्न सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. त्यावर उद्या सविस्तर लिहितो, तो विषय दोन ओळींचा नाही.

महाल_गांधीगेट

डॉक्टर, मण्यारीचा भाग वाचून अंगावर काटा आला. आमच्या माहेरच्या गावी पावसाळ्यात खाटेवर झोपायचा आग्रह का असायचा, ते आज समजलं.

मला वेगळं विचारायचंय. पेशंट खरं उत्तर देईल का? खर्रा (तंबाखू-सुपारी) खाणारा माणूस डॉक्टरसमोर 'कधीतरी' म्हणतो. ओपीडीत सासू शेजारी उभी असताना सून अंगावरून पांढरं जातं, हे सांगत नाही. यंत्रासमोर सांगेल?

पारसोडी

यंत्रासमोर पेशंट सांगतात, असा पुरावा आहे. वॉर्नर स्लॅक या अमेरिकन डॉक्टरने १९६६ मध्येच विस्कॉन्सिनला कॉम्प्युटरकडून रुग्णांची हकीकत विचारून घेतली होती. पुढे १९७७ मध्ये ग्लासगोतल्या अभ्यासात रुग्णांनी डॉक्टरला सांगितली त्यापेक्षा जास्त दारू कॉम्प्युटरला सांगितली. समोर कुणी चेहरा करून बघत नाही, एवढ्यानेच फरक पडतो.

महाल_गांधीगेट

पण ग्लासगोत पेशंट यंत्रासमोर एकटा बसला असेल. इथे फोन नवऱ्याचा किंवा मुलाचा. प्रश्न मुलगा वाचून दाखवणार, उत्तर मुलगा टाइप करणार. पाळी चुकली का, हे मुलगा आईला विचारेल? न विचारता स्वतःच 'नाही' दाबून पुढे जाईल. म्हणजे यंत्राला खोटं उत्तर मिळालं आणि यंत्राला ते कळलंही नाही. बायकांचे प्रश्न विचारायची वेळ आली की यंत्राने थांबून 'हे पुढचं ताईंपाशी बोला' असं म्हणायला हवं. उपकेंद्रात टॅब ताईंच्या हातात असेल आणि पडद्यामागे दोघीच असतील, तरच ग्लासगोसारखं काही घडेल.

सक्करदरा

या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. आणि कायद्याचंही बघा. केंद्राच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं व्यासपीठ रुग्णाला सल्ला देऊ शकत नाही, औषध लिहून देऊ शकत नाही. नोंदणीकृत डॉक्टरला मदत करू शकतं. ताईंनी वर जे म्हटलं, नाव पेशंटला नाही, डॉक्टरला, ते त्याच्याशी जुळतं. अशा रीतीने होणार असेल तर माझा विरोध मागे घेतो.

मेडिकल_चौक

कालचं राहिलेलं, सिकलसेल.

विदर्भात हा आजार मोठ्या प्रमाणात आहे, सगळ्यांना माहीत आहे. केंद्राने १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय मोहीम सुरू केली, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत उच्चाटन असं तिचं लक्ष्य. तरीही आजसुद्धा हातापायाचे सांधे दुखणाऱ्या पोराला वात म्हणून तेल चोळतात, डोळे पिवळे दिसले की काविळीचं झाडपाल्याचं औषध देतात. दोन्ही एकत्र जोडून बघणारं कुणी भेटत नाही. यंत्र इथे खरोखर उपयोगी पडेल, कारण त्याला मागच्या वर्षीचं सांधेदुखीचं उत्तर आठवत राहतं.

मात्र एक गोष्ट आधीच ठरवून टाका. असं यंत्र बनवणाऱ्याला पहिला मोह होतो तो जात विचारण्याचा. काही समाजांत प्रमाण जास्त आहे, मग हिशोबात ती माहिती घालू, असं पारसोडींचं सूत्र सांगेल. मी याच्या ठाम विरोधात आहे. एक तर जात विचारली की माणूस मिटतो आणि पुढची सगळी उत्तरं तोडकी येतात. दुसरं म्हणजे 'त्या' समाजातला नसलेला सिकलसेलचा रुग्ण यंत्राच्या नजरेतून सुटतो, आणि तसे रुग्ण मी पाहिले आहेत. आणि तिसरं, ही माहिती कुठे साठणार, लग्नाच्या वेळी कुणाच्या हाती लागणार, याचा विचार करा. सिकलसेलवाल्या घरातल्या मुलींची लग्नं मोडताना मी पाहिली आहेत. आजाराबद्दल विचारा: लहानपणापासून अधूनमधून हाडं-सांधे असह्य दुखतात का, थंडीत किंवा पाणी कमी प्यायल्यावर वाढतं का, रक्त चढवलं होतं का, भावंडांत असं कुणी आहे का. तेवढं पुरतं, बाकी सोल्युबिलिटी टेस्ट ही रक्ताची प्राथमिक चाचणी आणि त्यानंतरची खात्रीची तपासणी सांगेल.

पारसोडी

डॉक्टर, सूत्र तसं सांगेल हे खरं आहे, आणि म्हणूनच सूत्रात काय घालायचं नाही हे माणसांनी ठरवायचं असतं. पटलं.

एक भर घालतो. स्टॅनफर्डमध्ये सत्तरच्या दशकात मायसिन नावाची प्रणाली होती, रक्तातले जंतुसंसर्ग ओळखून अँटिबायोटिक सुचवणारी. तिचं एक वैशिष्ट्य मला कायम आवडलंय. तिने प्रश्न विचारला की डॉक्टर तिलाच उलट विचारू शकायचा, 'हे का विचारतेस?' मग ती कोणत्या नियमासाठी ते उत्तर हवंय, ते दाखवायची. १९७९ च्या तुलनेत तिचे सल्ले स्टॅनफर्डच्या तज्ज्ञांच्या तोडीस तोड ठरले, तरी ती प्रत्यक्ष वॉर्डात कधी वापरली गेली नाही. पण 'का विचारतेस' हे बटण आपल्या यंत्रात हवंच. ताईंना 'खाली झोपला होता का' याचं कारण स्क्रीनवर दिसलं, तर पुढच्या वेळी यंत्र बंद असलं तरी त्या विचारतील.

उपकेंद्र_उमरेडरोड

आमच्याकडे वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे, त्यामुळे ही गोष्ट शोभेची नाही, कामाची आहे. आणि आशाताईंना तर कारण कळलं की त्या गावभर सांगतात.

लीड्सच्या कामाबद्दल थोडं आणखी सांगाल का? तिथल्या छापील फॉर्मचा उल्लेख कुठेतरी वाचला होता.

पारसोडी

हो, ते फार महत्त्वाचं. १९८६ ला ८ केंद्रांचा मोठा अभ्यास छापला, १६,७३७ रुग्णांचा. तरुण डॉक्टरांचं पहिलं निदान बरोबर येण्याचं प्रमाण ४५.६ वरून ६५.३ टक्क्यांवर गेलं, विनाकारण पोट उघडण्याच्या शस्त्रक्रिया जवळजवळ निम्म्याने घटल्या. त्यातला बराच फायदा कॉम्प्युटरच्या हिशोबाचा नव्हता. प्रत्येक रुग्णाला तेच प्रश्न, त्याच क्रमाने, फॉर्मवर भरायचे, या शिस्तीचा होता. म्हणजे ताई, सॉफ्टवेअर कधी यायचं ते येवो, प्रश्नांचा कागद तुम्ही उद्यापासून वापरू शकता.

संत्रा_काटोल

सगळं वाचून राह्यलो कालपासून. आमच्याकडे संत्रा बी हाय, कपाशी बी हाय. फवारणीचा प्रश्न ताईनं पयल्या पोस्टीत लिहिला, पण त्याच्यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर शेतकरी-मजूर गेले. त्या साली कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारा वरून अंगावर येत होता. आमच्या ओळखीच्या एका पोराले ओकाऱ्या, हगवण, तोंडाले लाळ, घामानं भिजलेला. गावातल्यानं सांगितलं हगवण लागली, सलाईन लावा. तो गेला नाही, वाचला, पण दोन दिवस वाया गेले. यंत्रानं हेच विचाराव, की आज-काल फवारणी केली का, आणि डोळ्यापुढं अंधुक दिसते का.

मेडिकल_चौक

अगदी बरोबर. लाळ, घाम, जुलाब, उलटी, बारीक झालेल्या बाहुल्या, अंधुक नजर, हे ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेचं चित्र. बाहुली बघायला सांगणारा प्रश्नही घाला, टॉर्च प्रत्येक फोनमध्ये असतो. आणि कपडे काढून साबणाने अंग धुवायला सांगा, गाडी येईपर्यंत. धुणाऱ्याने हातमोजे नाहीतर निदान पिशव्या घालाव्या. फवारणीच्या औषधाची बाटली किंवा डबा सोबत आणायला सांगा.

उपकेंद्र_उमरेडरोड

घेतलं. मी आता कागदावर मराठीत प्रश्न लिहून काढतेय, आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवून मग आशाताईंकडे देईन. फवारणीचा प्रश्न 'तुम्ही फवारणी केली का' असा लिहिलाय.

संत्रा_काटोल

ताई, तसा नका लिहू. फवारा माणसाच्या पाठीवर असते, पण विहिरीवरून पाणी आणून ढवळून देणारी बाई असते. संध्याकाळी ते कपडे धुणारी बी तीच. तिले विचारलं 'तुम्ही फवारणी केली का' तर ती नाहीच म्हणन. 'घरात कोणी फवारणी केली का, तुम्ही पाणी देलं का, कपडे धुतले का' असं विचारा. अन् मजुरीनं दुसऱ्याच्या वावरात गेलेल्याले बी विचारा, तो तर कोणतं औषध होतं हे बी नाही सांगू शकत.

उपकेंद्र_उमरेडरोड

भाऊ, हे मला सुचलंच नसतं. तीन वेगळे प्रश्न करते, आणि ते बायकांच्या फॉर्मवरही घालते.